खर्च म्हणा, गुंतवणूक म्हणू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १३ वर्षांचा, आठवीत, डावखुरा ओपनर. मुंबईकडून खेळायचं हे त्याचं स्वप्न. वडील त्याला रोज पहाटे कल्याणच्या पुढून लोकलने दादरला नेटला आणतात. ते लिहितात: "मी त्याला कधी ओरडलो नाही, हात तर कधीच उचलला नाही. वर्षाला सव्वा लाख रुपये आनंदाने घालतो, बोलून दाखवत नाही. तरी गेले तीन-चार महिने मॅचच्या सकाळी त्याचं पोट दुखतं, दोनदा उलटी झाली. आऊट झाला की स्कोअर सांगत नाही. बायको म्हणते तुमचं प्रेशर आहे. दादरला खोली घेऊन शाळाही बदलावी, असा विचार चालू होता. पाठिंबा कुठे संपतो आणि प्रेशर कुठे सुरू होतं?"

पोटाचं आधी डॉक्टरांना दाखवा. मी कोच आहे, डॉक्टर नाही, आणि प्रत्येक पोटदुखीला "टेन्शन" म्हणून सोडून देणारे कोच मी पाहिले आहेत. पहाटे साडेपाचला काही न खाता निघायचं आणि दादरला उतरून वडापाव हाणायचा, या सवयीनेही पोट बिघडतं. जड खाणं मॅचच्या दोन-तीन तास आधी झालेलं बरं. तेवढा वेळ नसेल तर एखादं केळं, दोन घास पोहे, बास. डॉक्टरांनी काही नाही म्हटलं, तर मग एक बघा. पाऊस येऊन मॅच रद्द झाली की अर्ध्या तासात दुखणं थांबतं का? थांबत असेल तर दुखणं खोटं आहे असं समजू नका. ते खरंच दुखत असतं, फक्त कारण पोटात नसतं.

तुम्ही ओरडत नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे. सव्वीस वर्षं मी मुलांना शिकवतोय, ओरडणारे बाप आता कमी झालेत. आम्ही खेळायचो तेव्हा बाप ओरडायचे ते "अभ्यास सोडून बॅट काय घेऊन फिरतोस" म्हणून. पांढरी पँट शेजाऱ्यांच्या दोरीवर वाळत घालणारा मित्र होता माझा. त्यात त्रास होताच, पण एक गोष्ट होती. क्रिकेट त्या पोराचं स्वतःचं होतं. शून्यावर गेला तर त्याचं त्याला, संध्याकाळी घरी वरण-भात नेहमीचाच. आता बाप स्वतः किटबॅग उचलतो, आई सुट्टी टाकते, आजी देवाला साकडं घालते. आणि मुलगा आऊट झाला की घरातले चौघंही आऊट होतात. तेरा वर्षांच्या पोराला तीन विकेटचं ओझं जास्तीचं झालं.

आता तो सव्वा लाखाचा आकडा. बोलून दाखवत नाही म्हणता, पण मला लिहिलेल्या आठ ओळींत तो आलाच. म्हणजे तो घरात फिरतोय. मुलांना हे आकडे सांगावे लागत नाहीत. नवीन ग्लोव्हज घ्यायचे म्हटल्यावर आईने बाबांकडे बघितलं, यंदा दिवाळीत गावाला जायचं रद्द झालं, बहिणीला क्लास लावायचं पुढच्या वर्षावर गेलं, यावरून पोरं बरोबर बेरीज करतात. गणितात पस्तीस मिळवणारी पोरंसुद्धा.

मी पालकांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट विचारतो. हे पैसे खर्च म्हणून घालताय की गुंतवणूक म्हणून? खर्च म्हणजे लग्नातलं जेवण, कोकणची ट्रिप, गणपतीची आरास. दिले, संपले, मजा आली. गुंतवणूक म्हणजे एफडी. तिची मुदत असते आणि शेवटी परतावा मिळायलाच लागतो. मुलाचं क्रिकेट तुमच्या डोक्यात एफडी असेल, तर तुम्ही तोंडातून चकार शब्द काढला नाहीत तरी तो रोज व्याज भरतोय. पोट दुखतं ते बहुतेक त्या व्याजाचं.

म्हणून नवरा-बायको दोघं, मुलगा घरात नसताना, एकदा बसा. वर्षाला किती पैसे पूर्ण बुडाले तरी झोप लागेल, तो आकडा ठरवा. सव्वा लाख असेल तर सव्वा लाख, चाळीस हजार असेल तर चाळीस हजार. चाळीस हजारांतही मूल चांगलं क्रिकेट शिकतं, हे मी धंद्याच्या विरुद्ध जाऊन सांगतोय. त्या आकड्याच्या पलीकडे कर्ज, पीएफ, बायकोचे दागिने यांना हात लावायचा नाही. बहिणीच्या नावाचे पैसे तर अजिबात नाही, नाहीतर पुढे बहीण-भावात एक बॅट कायमची उभी राहते. आणि ठरलेला आकडा खर्ची टाकून विसरून जा.

हे मी शहाणपणाने बोलतोय असं वाटेल, म्हणून माझी चूक सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता. सुंदर टायमिंग, ऑफ साईडला बॉल नुसता टेकवला तरी बाऊंड्रीला. त्याच्या वडिलांना मी एकदा चहाच्या टपरीवर म्हटलं, "याच्यात आहे." तेवढंच. मला ते शाबासकी म्हणून म्हणायचं होतं. वडिलांनी ते भविष्य म्हणून ऐकलं. चार महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली आणि मुलाबरोबर दिवसभर मैदानात राहू लागले. घराचा हप्ता आईच्या पगारावर आला. मुलगा आधी होता तसाच खेळत होता, फक्त ते ऑफ साईडचे फटके बंद झाले. बॉल छातीशी घेऊन खेळायचा, आऊट न होण्यासाठी. सोळा वर्षांचा असताना एका संध्याकाळी किटबॅग घेऊन आला आणि म्हणाला, "सर, हे कुणाला तरी द्या." मी आत बघितलं. बॅटच्या कडांना नवी टेप व्यवस्थित गुंडाळलेली, ग्लोव्हज उन्हात वाळवून घडी करून ठेवलेले. खेळ सोडणाऱ्या पोराची बॅग अशी नसते. का रे, म्हटलं. तर म्हणाला, "बॉलर धावत येताना मला हप्ता आठवतो, सर."

त्या दिवसापासून "याच्यात आहे" हे वाक्य मी कुठल्याही बापासमोर उच्चारलेलं नाही. तुमच्या कोचने उच्चारलं असेल तर अर्ध्या किमतीत घ्या.

तुमची चूक त्या वडिलांएवढी नाही. पण खोली घेणं, शाळा बदलणं हे त्याच रस्त्यावरचं पुढचं स्टेशन आहे, म्हणून त्यावर लगेच बोलतो. शाळा बदलायची म्हटलं की सगळे सचिनचं उदाहरण देतात. खरं आहे, त्याने वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रममध्ये प्रवेश घेतला आणि शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला. पण त्या गोष्टीतला अर्धा भाग लोक गाळतात. वडील रमेश तेंडुलकर कीर्ती कॉलेजमध्ये मराठीचे प्राध्यापक आणि कवी, आई एलआयसीत नोकरीला. कोच रमाकांत आचरेकर सरांकडे १९८४ मध्ये त्याला घेऊन गेला तो मोठा भाऊ अजित. घरातल्या कुणीही आपलं काम सोडलं नाही, आणि त्या घरातली चूल सचिनच्या बॅटवर पेटत नव्हती. तो ज्या काकांकडे राहिला त्यांचं घर आधीपासून तिथेच होतं, त्याच्यासाठी भाड्याने घेतलेलं नव्हतं. तुमचं तसं कुणी असेल तर पुढच्या जूनमध्ये जरूर विचार करा. पण मुलगा मॅचच्या सकाळी उलट्या करत असताना महिन्याचं पंचवीस-तीस हजार भाडं त्याच्या डोक्यावर ठेवू नका. यंदा नाहीच.

अजिंक्य रहाणे डोंबिवलीहून लोकलने यायचा, हेही तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. तेही खरं. फक्त हे मुलाला ऐकवू नका. त्याला ते ठाऊक आहे, आणि त्याच गाडीने येऊन कुठेच न पोचलेली मुलंही लगेजच्या डब्यात त्याच्या शेजारी किटबॅगवर बसलेली असतात.

आता एक साधी परीक्षा. पुढे कधी मॅचला गेलात की तुम्ही जिथे उभे राहता तिथेच उभे राहा आणि बॉल बघू नका, मुलाचं डोकं बघा. बॉल बॅटला चुकून कीपरकडे गेला की चांगला बॅट्समन आधी पीचकडे बघतो, नाहीतर बॉलरकडे. तुमचा मुलगा स्क्वेअर लेगच्या झाडाखाली तुमच्याकडे बघत असेल, तर तुम्ही मैदानात आहात. मी कोच म्हणून हे रोज बघतो. बॉल मिस झाला, मान वळली, बापाने हाताने "पाय पुढे" अशी खूण केली, मुलाने मान हलवली, पुढच्या बॉलला पाय पुढे टाकला, आणि बॉल आखूड होता. आऊट. बाप मला येऊन म्हणतो, "सर, याचं लक्षच नसतं." लक्ष होतं हो. तुमच्यावर होतं.

अशा पालकांना मी टेन्टच्या मागे चहा प्यायला पाठवतो. काहींना राग येतो. एका आईने मात्र युक्ती काढली. मॅच बघायची तर स्कोअररच्या शेजारी बसून स्कोअरबुक लिहायचं, दोन्ही टीमचं. आपला मुलगा बावीस जणांतला एक झाला की छातीतली धडधड आपोआप कमी होते, असं त्या म्हणायच्या. आता आमच्या मैदानावर त्यांच्याइतकं स्वच्छ स्कोअरबुक कुणी लिहीत नाही.

आणि ते मोबाईलवरचं स्कोअरचं ॲप ऑफिसात उघडून बसू नका. मुलाला कळतं. घरी आल्यावर तुम्ही "काय झालं रे आज?" असं अनोळखीपणे विचारता तेव्हा तर जास्तच कळतं.

घरी परतताना काय बोलायचं, हे मला पालक सगळ्यात जास्त विचारतात आणि माझ्या मते अर्धं प्रेशर त्या दीड तासातच तयार होतं. दादर ते कल्याण गाडी, विंडोशेजारी मुलगा, समोर तुम्ही. पहिला प्रश्न "किती केलेस?" हा असेल, तर दिवसभरातलं बाकी सगळं त्या आकड्याखाली गेलं. स्लिपमध्ये घेतलेला कॅच गेला, दुसऱ्याला आणून दिलेलं पाणी गेलं, चौथ्या ओव्हरला चुकलेला आणि सहाव्या ओव्हरला जमलेला लीव्ह, म्हणजे न खेळता सोडलेला बॉल, गेला. मी एकदा सरावाला आलेल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरांना सहज विचारलं की घरी गेल्यावर पहिला प्रश्न काय असतो. सगळी एका सुरात ओरडली, "किती!" आणि हसत सुटली. हसण्यात न सामील झालेली दोन पोरं मी लक्षात ठेवली.

मग काहीच विचारू नका, असं सांगितलं तर पालक तोंड शिवून बसतात. ते त्याहून वाईट. ठाण्यापासून कळव्यापर्यंत बाप खिडकीबाहेर बघत गप्प बसला तर मुलाला वाटतं, आता हे घरी जाऊन आईला सांगणार. गप्प राहायचं तर पोटभर गप्प राहा, म्हणजे पेपर वाचा, डुलकी काढा, भेळ घ्या. बोलायचंच असेल तर धावांशिवाय पुष्कळ आहे. पीच कसं होतं, समोरचा लेफ्ट-आर्म स्पिनर खरंच आठवीतला होता का, डब्यात कुणी काय आणलं होतं. "मजा आली का?" हेही सारखं विचारू नका. ते हल्ली कुठल्याशा भाषणातून पालकांच्या तोंडी बसलंय. पहिल्या बॉलवर दांडी गेलेल्या मुलाला मजा कशी येईल? मग तो तुमच्या समाधानासाठी "हो" म्हणतो. जेवून झाल्यावर, बहुतेक वेळा आंघोळीला जाता जाता, तो स्वतःच सांगतो. त्या वेळी हातातला मोबाईल खाली ठेवा आणि ऐकून घ्या. चूक सुधारू नका. ती सुधारायचे तुम्ही कोचला पैसे देता.

शक्य असेल तर परतीला तुम्ही नसावंतच. आठवीतला मुलगा टीमच्या दोघा-तिघांबरोबर लोकलने घरी येऊ शकतो. शून्यावर आऊट झाल्याचं दुःख मित्रांबरोबर मुलुंडपर्यंत निम्मं उतरतं. बापाबरोबर ते कल्याणपर्यंत चढत जातं.

बॅटचंही सांगतो. तुम्ही आकार लिहिला नाहीत, पण माझा अंदाज आहे. आपण मराठी माणसं युनिफॉर्म घेतो तशी बॅट घेतो, वाढत्या अंगाची. पाच फुटांच्या आसपासच्या पोराला साधारण ५ किंवा ६ नंबरची बॅट लागते. वडील घेतात त्याहून मोठी हॅरो, नाहीतर थेट मोठ्या माणसांची शॉर्ट हँडल, इंग्लिश विलो, वीस-पंचवीस हजारांची, "दोन वर्षं चालेल" म्हणून. जड बॅट उचलताना ती सरळ न जाता गलीकडून येते, कट-पुल जमत नाही, आणि सरळ बॉलवर दांडी उडते. मुलगा खराब खेळतो आणि हातात घरातली सगळ्यात महाग वस्तू असते. सरावाला बेताची, हलकी, त्याच्या मापाची बॅट हजारपट बरी. ती मोडली तर मोडली.

तेराव्या-चौदाव्या वर्षी आणखी एक गोष्ट होते आणि ती पालकांना कुणी सांगत नाही. मुलाची उंची काही महिन्यांत भराभर वाढते. हाडं आधी वाढतात, स्नायू मागून येतात. काल जमणारा ड्राईव्ह आज जमत नाही, कारण कालचा हात आज लांब झालाय. गुडघ्याखाली हाड दुखतं, टाच दुखते. याला "लक्ष उडालंय, मोबाईल बघतो" म्हणू नका. मापाचा कागद भिंतीला लावा आणि दर महिन्याला उंची लिहा. आकडा पळत असेल त्या महिन्यांत सराव कमी करायचा. फास्ट बॉलर असेल तर पाठीच्या कण्याला फ्रॅक्चर होण्याचा धोका खरा आहे. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वर्षानुवर्षं घालून दिलेली मर्यादा अशी होती: १३ वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, ५ ओव्हर आणि दिवसाला १०, पुढे १४-१५ वर्षांना ६ आणि १२. आपल्याकडे तीच पोरं नेटमध्ये तास-तास बॉलिंग टाकतात, कारण बॅट्समनचे वडील खाली उभे असतात. बॅट्समनसाठी ढोबळ हिशेब असा की आठवड्याचे सरावाचे तास वयाच्या आकड्यापलीकडे जाऊ नयेत. १३ वर्षांचा असेल तर १३ तास, कुणीतरी हाताने बॉल फेकून करून घेतलेला खासगी सराव (थ्रो-डाऊन) धरून. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही आठवड्याला किमान एक दिवस आणि वर्षातून दोन-तीन महिने त्या खेळापासून विश्रांती सांगते. दोन महिने म्हटलं की पालकांचे चेहरे पडतात. पोहू दे, फुटबॉल खेळू दे, मामाकडे जाऊ दे. बॅट गंजत नाही.

आता स्वप्न नेमकं कुणाचं, हा प्रश्न. तुम्ही लिहिलं नाहीत, पण "डावखुरा ओपनर" ज्या प्रेमाने लिहिलंत त्यावरून वाटलं की तुम्हीही खेळायचात. मुलाचं स्वप्न ओळखायची माझी खूण पावसाची आहे. मैदानावर काळे ढग आले की मुलांचे चेहरे बघतो. ज्याला खेळायचंय तो कव्हर ओढायला धावतो, "सर, थांबेल ना?" म्हणतो. काही मुलं मात्र हळूच खांदे सैल सोडतात आणि आभाळाकडे बघतात, देवाने सुटका केल्यासारखी. तुमचा मुलगा यातला कुठला हे मला इथून सांगता येणार नाही, तुम्ही जुलैमध्ये बघितलं असेल. दुसरी खूण, सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेनिस बॉलने तो अजून खेळतो का? खेळत असेल तर क्रिकेट जिवंत आहे, फक्त सीझन बॉलच्या मॅचवर कसलं तरी सावट आहे. ते दूर करता येतं. पार्किंगमधलंही बंद झालं असेल तर मला काळजी वाटेल.

आणि तुम्ही स्वतः पुन्हा खेळायला लागा. मस्करी करत नाही. ऑफिसची टीम, सोसायटीची टीम, रविवारचं टेनिस बॉल क्रिकेट, काहीही. मुलाला घेऊन जा आणि त्याला तुम्हाला शून्यावर आऊट होताना बघू द्या. मग तुम्ही हसत येऊन बाकावर बसा, पाणी प्या, पुढच्याला टाळ्या वाजवा. आऊट होऊन परत आलेला बाप जेवतो, झोपतो, सोमवारी कामावर जातो, हे त्याने डोळ्याने बघितलं की माझी दहा लेक्चरं वाचतात. शिवाय तुमच्या आतलं जे राहून गेलंय त्याला स्वतःची जागा मिळेल. त्याच्या खांद्यावरून ते उतरेल.

सिलेक्शनबद्दल थोडं. चौदा वर्षांखालच्या मुंबईच्या संघात पंधरा-सोळा जागा. मुलं हजारोंनी. त्यात वयोगट १ सप्टेंबरपासून मोजतात, म्हणजे सप्टेंबरात जन्मलेला मुलगा ऑगस्टमध्ये जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही एकाच गटात. मिसरूड फुटलेली पोरं तेराव्या वर्षी सिक्स मारतात, उशिरा वाढणारी सोळाव्याला त्यांना गाठतात. सोळा वर्षांखालच्या गटात बीसीसीआय डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासते ते उगाच नाही. म्हणून चौदाच्या ट्रायलमध्ये नाव नाही आलं तर त्याचा अर्थ फार छोटा असतो. पण त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर "सगळं पॉलिटिक्स आहे, वशिला लागतो" हे सुरू करू नका. वशिला कुठे असतो, कुठे नसतो, मी सव्वीस वर्षांत दोन्ही पाहिलंय. पण दर वेळी हेच कानावर पडलं की मुलगा सराव कशाला करायचा हे विसरतो. आणि मनातल्या मनात त्याला कळतं की बाबांनाही माझं न निवडलं जाणं सहन होत नाहीये.

अमोल मुझुमदारांची गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे. १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सेमीफायनलला सचिन-कांबळींची ६६४ धावांची भागीदारी चालू असताना पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा. रणजी पदार्पणात २६० केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून जास्त धावा, भारताकडून एकही कसोटी नाही. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या महिलांनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा कोच तेच. पालक मला ही गोष्ट "बघा, शेवटी मिळतंच" म्हणून ऐकवतात. मला त्यात वेगळंच दिसतं. मधली वीस वर्षं हा माणूस, पुढे काय आहे ते ठाऊक नसताना, रोज सकाळी उठून बॅटिंग करायला जात होता. ते फक्त बॅटिंग आवडणाऱ्यालाच जमतं. ती आवड तुमच्या मुलाची अजून शाबूत राहावी एवढंच आपल्या हातात आहे, संघ निवडणं नाही.

अभ्यासाचं फार ताणत नाही. "ऐंशी टक्के पडले तरच क्रिकेट" ही अट घालू नका, कारण मग अभ्यासही क्रिकेटचं भाडं होतो. आणि "तू फक्त खेळ, अभ्यासाचं बघू नंतर" हे त्याहून धोक्याचं. त्यात मुलाचे मागचे सगळे दरवाजे तुम्ही प्रेमाने बंद करता. शाळा नीट चालू ठेवा, इतर मुलांची चालते तशी. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, अंपायरिंग, स्कोअरिंग, व्हिडिओ ॲनालिसिस, फिजिओ अशी कामं खेळाच्या आसपास आहेत. ही माहिती तुमच्या खिशात असू द्या. तेरा वर्षांच्या मुलासमोर रोज काढू नका, नाहीतर त्याला वाटेल बाबांचा आपल्यावरचा भरवसा संपला.

चालू ठेवायचं की थांबायचं याची चर्चा वर्षातून एकदा, सीझन संपल्यावर करा. वाईट मॅचच्या संध्याकाळी नाही, आणि सेंच्युरीच्या संध्याकाळीही नाही. त्या चर्चेत त्याने "मला नको" म्हटलं तर दुसऱ्या दिवशी कारण विचारा, त्याच दिवशी नाही. त्याच दिवशी तुमच्या आवाजात सव्वा लाख ऐकू येईल.

उलट्या थांबल्या नाहीत, झोप उडाली, शाळेलाही नको म्हणू लागला, किंवा "मी कशालाच लायक नाही" असलं काही बोलला, तर माझ्यासारख्या कोचचं ऐकत बसू नका. मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी फोन नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलतात. त्यात कमीपणा काही नाही. गुडघा दुखला की आपण ऑर्थोपेडिककडे जातोच ना.

शनिवारी मॅच आहे असं शेवटी लिहिलंत. तुम्ही जाऊ नका. आदल्या रात्री किटबॅग त्याची त्याला भरू द्या. थाय पॅड विसरला तर टीममध्ये कुणाकडून तरी मागून घेईल. सकाळी स्टेशनपर्यंत सोडा आणि "ऑल द बेस्ट" न म्हणता "गाडीत बसलास की मेसेज कर" एवढंच म्हणा. डबा मात्र दोघांना पुरेल इतका द्या. दुसऱ्या बाजूने ओपनिंगला येणारं पोरगं बहुतेक वेळा डबा आणत नाही.